पाचवी डुलकी

१

झोप मोजायचं काम रात्रीचं असतं, असं लोकांना वाटतं. असतंही, पण ते माझ्या रात्रपाळीच्या जोडीदाराकडे. मी दिवसपाळीची. आमच्या केंद्रात दिवसा एक तपासणी होते, तिला भलंमोठं नाव आहे, आम्ही आपलं ‘डुलक्या’ म्हणतो. पेशंटने सकाळी नऊ, अकरा, दुपारी एक, तीन आणि पाच, अशा पाच वेळा अंधाऱ्या खोलीत आडवं व्हायचं. दर वेळी वीस मिनिटं. मधल्या वेळात डोळा लागता कामा नये. चहा बंद, कॉफी बंद, फोन माझ्या ड्रॉवरमध्ये. मी बोळाच्या दुसऱ्या टोकाच्या खोलीत पडद्यासमोर बसून बघते, की बाबा किती मिनिटांत झोपला आणि झोपेच्या कुठल्या पायरीवर पोचला.

पायऱ्या समजायला सोप्या आहेत. आधी पेंग, मग हलकी झोप, मग गाढ. स्वप्नाची पायरी त्याच्या पुढे, साधारण दीड तासाने येते. ती आली की मेंदूच्या रेघा जाग्या माणसासारख्या धावतात, डोळ्यांच्या रेघा उड्या मारतात आणि हनुवटीची रेघ सपाट पडते, कारण अंग पार ढिलं होतं. वीस मिनिटांच्या डुलकीत ही पायरी दिसायलाच नको. पाचात एकदा दिसली तर चालवून घेतात. दोनदा दिसली की आजार, पुढे बोलणं नाही.

पेशंट विचारतात, “बाई, स्वप्नात दात पडले तर काय अर्थ?” मी सांगते, दातवाल्या डॉक्टरला विचारा. वीस वर्षांत मी हजारो लोकांची स्वप्नं पाहिली ती रेघांत. अर्थबिर्थ काही दिसला नाही.

त्या दिवशीचा पेशंट म्हणजे माझा धाकटा भाऊ. आम्ही घरात त्याला गुंड्या म्हणतो, चव्वेचाळीस वर्षांचा झाला तरी. शहराची बस चालवतो. महिन्यापूर्वी सिग्नलला उभा असताना त्याचा डोळा लागला, ब्रेकवरचा पाय सुटला आणि बस सावकाश पुढे जाऊन एका टेम्पोला टेकली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण साहेबांनी कागद हातात दिला: झोपेची तपासणी करा, नॉर्मल आली तर स्टिअरिंग, नाहीतर गाडीवर पाऊल ठेवायचं नाही. दोन मुली शाळेत, बायको घरी, आणि याला बस चालवण्यापलीकडे दुसरं ओ की ठो येत नाही. त्याला मी आमच्याकडेच नंबर लावून दिला. लग्नानंतर माझं आडनाव बदललंय, त्यामुळे डॉक्टर मॅडमना पत्ता लागायचं कारण नव्हतं. मीही तोंड उघडलं नाही. तेवढं माझं चुकलंच.

२

वायरी चिकटवायला पाऊण तास लागतो. डोक्यावर, कानामागे, डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखाली दोन. गुंड्याची वळवळ काही थांबेना.

“अरे हलू नकोस. पुन्हा सगळं पुसून लावावं लागेल.”

“ताई, लहानपणी केस विंचरतानाही तू असंच मुंडकं धरायचीस. अजून मान दुखते माझी.”

“उवा होत्या डोक्यात. गप बस.”

आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. त्यानंतर त्याला वाढवला तो मी, आणि ओरडून ओरडून वाढवला. मला दुसरं काही येतच नव्हतं.

नऊला लाईट घालवला, पडदे ओढले, माझ्या खोलीत येऊन बसले. मॅडम त्या दिवशी दुसऱ्या दवाखान्यात होत्या, केंद्रात आम्ही दोघंच. चौथ्या मिनिटाला गुंड्या घोरायला लागला. सहाव्या मिनिटाला हनुवटीची रेघ सपाट झाली आणि डोळ्यांनी उड्या मारायला सुरुवात केली.

पहिल्याच डुलकीत स्वप्न! म्हणजे एकाची सवलत सकाळी नऊलाच संपली.

वेळ झाल्यावर आत गेले, लाईट लावला. नियमाप्रमाणे उठल्या उठल्या दोन प्रश्न विचारायचे आणि उत्तर जसंच्या तसं लिहायचं.

“झोप लागली का? स्वप्न पडलं का?”

गुंड्या डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिला. “आत्ताच तर विचारून गेलीस.”

“कधी?”

“आत्ता गं. लाईट न लावता आलीस, इथे कडेला बसलीस आणि हेच विचारलंस. मी सांगितलं, झोप लागली, स्वप्न नाही पडलं.”

मला हसू आलं. जागे झालो असं स्वप्न पुष्कळांना पडतं. एक आजोबा तर स्वप्नात उठून, दाढी करून, माझ्याशी भांडूनसुद्धा आले होते.

“तेच स्वप्न, गाढवा,” मी म्हटलं आणि लिहून घेतलं.

“असेल. पण त्यात तू बरी होतीस हां. अजिबात खेकसत नव्हतीस.”

३

नऊ ते अकरा आम्ही बोळात येरझाऱ्या घातल्या. तो भिंतीला टेकला की मी चिमटा काढायचे. तोंडाने बोलत होते, पण डोक्यात एकच चालू होतं. अजून एकदा स्वप्न दिसलं की संपलं. रेघ खोटी लिहिता येत नाही, मॅडम सगळी पानं स्वतः चाळतात. पण हनुवटीच्या वायरी निघाल्या तर? मग अंग ढिलं पडलं की नाही हे कोणालाच कळणार नाही. पेशंट झोपेत हात मारतात, वायरी सुटतात, रोजचंच आहे. तेवढं झालं तर सुटेल बिचारा.

हे मी मनात म्हटलं. फक्त मनात. माझ्या मुलीची शपथ घेऊन सांगते, ओठसुद्धा हलवले नाहीत.

अकराच्या डुलकीत पाचव्या मिनिटाला डोळे उड्या मारू लागले. मी खुर्चीची कड घट्ट धरली. आणि हनुवटीची रेघ सपाट व्हायच्या ऐवजी एकदम जाड, केसाळ झाली. वायर सुटली की रेघ अशीच होते. डुलकी चालू असताना आत जायचं नाही असा नियम आहे, म्हणून मी गेले नाही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. देवच पावला म्हटलं.

आत गेले तेव्हा हनुवटीच्या दोन्ही वायरी पलंगाशेजारच्या स्टुलावर होत्या. ओढून टाकलेल्या नव्हत्या. नीट गोल गुंडाळून ठेवलेल्या. चिकटपट्टीचं टोक आत दुमडलेलं, पुढच्या वेळी नखाने पटकन उचलता यावं म्हणून. ही सवय माझी आहे. माझा जोडीदार त्यावरून मला चिडवतो.

“वायरी का काढल्यास?”

“मी कशाला काढू? तूच काढल्यास की,” गुंड्या जांभई देत म्हणाला. “हळू काढल्यास. दाढीचा केससुद्धा ओढला गेला नाही.”

“आणखी काय केलं मी?”

“काही नाही. बसलीस थोडा वेळ.”

माणूस झोपेत काय काय करतो. चालतो, जेवतो, कुलूप उघडतो. वायर गुंडाळणं त्यातलंच. मला रोज बघून बघून हातानं केलं असेल, असं मी स्वतःला समजावलं. माझं हे काम त्याने त्या सकाळीच पहिल्यांदा पाहिलं होतं, हे मला नंतर आठवलं.

वायरी परत लावल्या. नीट लावायला कातडी घासून घ्यावी लागते, पेस्ट भरावी लागते, दोन मिनिटं जातात. मी अर्ध्या मिनिटात उरकलं.

४

एकच्या डुलकीला मी आधी रेघांकडे बघितलंच नाही. कॅमेरा बघितला.

आमचा कॅमेरा जुना. चित्र करड्या रंगाचं, मुंग्या आल्यासारखं. गुंड्या उताणा झोपला होता, दोन्ही हात पोटावर, बोटं एकमेकांत अडकवलेली. घोरणं थांबलं. खोली जशीच्या तशी. स्टूल, खुंटीवर त्याचा शर्ट, बंद दार.

मग गादीची डावी कड खाली गेली.

फार नाही. एखाद्या बाईने टेकावं एवढीच. चादरीला तिथून सुरकुत्या पडल्या आणि गुंड्याचं अंग किंचित त्या बाजूला कललं. त्याने झोपेतच मान मागे टाकली आणि हनुवटी वर केली. पेशंट करतात तशी, मी पट्टी काढताना.

पडद्यावर हनुवटीची रेघ केसाळ झाली. मग डाव्या डोळ्याची. मग उजव्या डोळ्याची. मधे सारखंच अंतर, कोणी घाई न करता काम करत असल्यासारखं. त्याचे हात पोटावरच होते. मी त्या हातांवरून नजर काढली नाही. बोटं सुटली नाहीत.

“जुनाट कॅमेरा,” मी मोठ्याने म्हटलं. खोलीत माझाच आवाज मला नको झाला.

उठून धावत जायला हवं होतं ना? माझा सख्खा भाऊ आत. पण मी बसून राहिले. गेले असते तर डुलकी बाद झाली असती. आणि डोळ्यांच्या वायरी नाहीत म्हटल्यावर ह्या डुलकीतलं स्वप्नही कागदावर येणार नव्हतं. हे गणित मी बसल्या जागी केलं, कॅमेऱ्यात ती कड दबलेली दिसत असताना. याची मला आता लाज वाटते.

वीस मिनिटं भरल्यावर गेले. गादी सपाट होती. मी हात ठेवून पाहिला. गार होती.

५

अडीचला मॅडमना फोन लावला.

“मॅडम, वायरी फार सुटताहेत. तपासणी थांबवू का?”

“वायरी सुटल्या म्हणून कोणी तपासणी थांबवतं का? तुम्हाला मी सांगायला हवं? नीट लावा आणि पाचही घ्या. चार डुलक्यांवर मी सही करणार नाही.”

फोन ठेवून गुंड्यापाशी गेले. तो खिडकीशी उभा राहून खालचा रस्ता बघत होता. एक बस वळण घेत होती. त्याचे हात नकळत चाक फिरवल्यासारखे हलत होते.

“गुंड्या, घरी जा तू. दुसरीकडे कुठेतरी करू तपासणी.”

“दुसरीकडे पास होईन का मी?”

नसताच झाला.

“मग? इथे सगळं बरं चाललंय म्हणालीस ना? ताई, स्टिअरिंग गेलं तर मला डेपोत गाड्या धुवायला लावतील. पोरींना काय सांगू? दोन डुलक्या राहिल्यात. मी काय मरतोय का?”

“तुला भीती नाही वाटत? आत जे येतं त्याची?”

“कशाची भीती? तूच तर असतेस.”

“ती मी नसते रे.”

“मग कोण असतं?” त्याने अगदी साध्या आवाजात विचारलं. भूत वगैरे असल्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलेय. “मायेने बोलते,” तो म्हणाला. “म्हणते, एवढ्या वायरी निघाल्या की घरी जाऊ.”

“कोणाच्या घरी?”

“ते नाही विचारलं मी.”

तीनच्या डुलकीआधी मी एकेक वायर लहान मुलांसाठीच्या गोंदाने चिकटवली. तो गोंद औषधाशिवाय सुटत नाही, कातडी निघेल पण वायर निघणार नाही. गुंड्या “आई गं” म्हणून ओरडला तरी सोडलं नाही. आता मला स्वप्न कागदावर आलं तरी चालणार होतं. त्याची नोकरी गेली तर गेली, भाऊ हातचा जायला नको, एवढं त्या वेळी डोक्यात शिरलं होतं. उशिरा शिरलं.

आठव्या मिनिटाला सुरुवात झाली. हनुवटी, डोळे, कपाळ, टाळू. पडद्यावर खालून वर एकेक रेघ केसाळ होत गेली. मी नियम झुगारून पळाले. दार उघडून लाईट लावला तर सगळ्या वायरी स्टुलावर, एकावर एक, टोकं दुमडलेली. गुंड्याच्या कातडीवर लाल डागसुद्धा नाही. उजव्या कानामागची तेवढी एक जागेवर होती.

त्याला हलवून हलवून उठवावं लागलं. जागा झाल्यावर तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला, ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसलं की बघतो तसा.

“काय रे?”

“काही नाही,” तो म्हणाला. “पाचची घेऊन टाकू. मग जायचंच आहे.”

६

शर्ट घालून बाहेर काढायचा प्रयत्न केला. तो ऐकेना. ओरडले, रडले, हात ओढला. ऐंशी किलोचा गडी पलंगावरून उठेचना. बसल्या बसल्या डोळे मिटत होते त्याचे. बाकीच्या वायरी परत लावू न देताच तो पाच वाजायच्या आधी आडवा झाला.

मग मला एकच सुचलं. ती दर वेळी जिथे बसते, तिथे आपण बसायचं. जागा मोकळी ठेवायचीच नाही.

मशीन चालू करून दिलं, माझ्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. लाईट घालवून पलंगाच्या डाव्या कडेला येऊन बसले. गादी माझ्या वजनाने खाली गेली. उजव्या कानामागची वायर चाचपून पाहिली, घट्ट होती. त्याचा हात माझ्या हातात घेतला. गरम होता, स्टिअरिंगने घट्टे पडलेला. कितीतरी वर्षांत मी हा हात धरला नव्हता. धपाटे मात्र पुष्कळ घातले होते.

पाच मिनिटं झाली असतील. त्याच्या पापण्यांखाली बुबुळं पळायला लागली. त्याचा जबडा सैल पडला, बोटं माझ्या बोटांत ढिली झाली. आली स्वप्नाची पायरी. मी श्वास धरून दाराकडे बघत राहिले.

काही झालं नाही. दार बंद. कड माझ्याच वजनाने दबलेली. वायर जागच्या जागी. सात मिनिटं, आठ, दहा. बोळात चिटपाखरू नव्हतं. जमलं म्हटलं. इतकं सोपं होतं, नुसतं येऊन बसायचं होतं. पाच डुलक्या पुऱ्या होतील, सही होईल, गुंड्याची बस त्याला मिळेल, आणि पुढच्या सुट्टीत मी त्याच्याकडे जाईन आणि दिवसभर एकदाही ओरडणार नाही. मला त्याची इतकी माया आली, की त्याच्या कपाळावर हात फिरवला.

तेवढ्यात छतातला स्पीकर खट्कन वाजला.

त्याचं बटण माझ्या खोलीत, माझ्या टेबलावर आहे. किल्ली माझ्या खिशात मांडीला टोचत होती.

“वेळ झाली,” स्पीकरमधून माझा आवाज आला. माझाच, पण इतक्या शांतपणे मी कधी बोलले नाही. “झोप लागली का?”

गुंड्याने डोळे उघडले. एकदम लख्ख जागे डोळे.

“हो.”

“स्वप्न पडलं का?”

“पडलं.”

“काय पडलं?”

तो क्षणभर थांबला. आठवून सांगताना माणूस थांबतो तसा.

“ताई इथे पलंगावर बसली होती,” तो छताकडे बघत म्हणाला. “अंधारात, माझा हात धरून. फार घाबरलेली होती. मला तिचं वाईट वाटलं.”

“बरं. आता नाही ना ती?”

“नाही.”

“आलेच मी. तेवढी एक वायर राहिलीय.”

“गुंड्या,” मी म्हटलं. “अरे, मी इथे आहे.” जाग येताना दोन-चार मिनिटं माणूस अर्धा तिकडेच असतो, हे मला माहीत आहे. मी शेकडो वेळा बघितलंय. थोडं थांबावं लागतं, बस. मी थांबले. मग पुन्हा हाक मारली, जोरात मारली, लहानपणी गल्लीतून मारायचे तशी.

तो उठून बसला. त्याची नजर माझ्यावरून दाराकडे गेली, मधे कुठे अडली नाही. दाराखालच्या फटीत बोळातला उजेड आला. चपलांचा आवाज जवळ येऊ लागला, डावा पाय जरासा ओढत. माझा डावा गुडघा दुखतो, मी अशीच चालते.

मी त्याचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्याने तोच हात उचलला, तोंडापुढे धरला आणि सावकाश जांभई दिली.